गनवर कोण बसतंय?

या बंदुकीला ओढायचा चाप नाही. मागच्या बाजूला दोन उभ्या मुठी आणि त्यांच्या मधोमध फुलपाखराच्या पंखांसारखी पसरलेली एक पट्टी. दोन्ही मुठी घट्ट धरायच्या आणि अंगठ्यांनी ती पट्टी पुढे रेटायची. अंगठे दाबलेले आहेत तोवर गोळ्या सुटत राहतात. ही ‘ब्राउनिंग एम-टू’, १२.७ मिलिमीटर व्यासाची जड मशीनगन. अमेरिकी सैनिकांच्या बोलीत ‘मा ड्यूस’.

मी ती आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. तरीही माझ्या तर्जनीने तिच्या हजारो गोळ्या झाडल्या आहेत. २००५ साली ‘बॅटलफील्ड टू’ हा गेम आला, तेव्हा तासावर भाडं घेणाऱ्या एका सायबर कॅफेत आम्ही पाच-सहा जण ओळीने बसायचो. पडद्यावर अमेरिकी लष्कराची हमवी गाडी दिसली, तिच्या टपावर ही बंदूक दिसली, की एकच आरडाओरडा व्हायचा : “गनवर कोण बसतंय?” उत्तर सगळ्यांचं एकच असायचं. स्टिअरिंग धरायला मात्र कुणी पुढे येत नसे.

पुढे बऱ्याच वर्षांनी खऱ्या बंदुकीविषयी वाचायला लागलो, तेव्हा कॅफेतला तो प्रश्न फारच शहाणा होता असं वाटायला लागलं. गेमने या बंदुकीचं काय उचललं आणि काय गाळलं, हे पाहायचं तर त्याच प्रश्नाचं बोट धरून जावं लागतं.

अडतीस किलोंचं ओझं

या बंदुकीची मागणी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीची. विमानं आणि चिलखती गाड्या रणांगणावर आल्या होत्या, साध्या रायफलच्या गोळीला त्या दाद देईनात. अमेरिकी सेनापती जॉन पर्शिंग यांना मोठ्या व्यासाची मशीनगन हवी होती. युटामधल्या ऑग्डेनचे जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आपली आधीची रचना मोठी करून ती घडवली. सुरुवातीच्या नमुन्यांची नळी थंड ठेवायला भोवती पाणी खेळवावं लागे. १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे ब्राउनिंग वारले. त्यांच्या रचनेत इतरांनी सुधारणा केल्या आणि १९३३ मध्ये ‘एम-टू’ हे नाव पक्कं झालं. पुढे पाणी गेलं, त्याऐवजी जाड भिंतीची नळी आली. नळीत लोखंडच एवढं घालायचं, की उष्णता मुरायला जागा मिळावी.

त्यामुळे नुसत्या बंदुकीचं वजन सुमारे ३८ किलो झालं. तिवई धरली तर ५८. शंभर गोळ्यांचा पट्टा असलेला पत्र्याचा डबा साधारण १६ किलोंचा. एवढं ओझं माणूस पाठीवर घेऊन लढू शकत नाही. म्हणून ही बंदूक गाडीवर चढली. जीप, रणगाडा, ट्रक, बोट, जे वाहून नेईल त्यावर ती बसवली गेली.

गेममध्ये बंदूक गाडीवर असते, पण ती गाडीवर का आहे ते कुणाला कळत नाही. पडद्यावर वजन दाखवता येत नाही. ‘बॅटलफील्ड टू’मध्ये गाडी चालवता चालवता ‘एफ-टू’ ही कळ दाबली, की डोळ्याचं पातं लवण्याआधी माणूस टपावर बंदुकीमागे हजर. ‘एफ-वन’ दाबलं, की पुन्हा चालकाच्या जागी. चढणं नाही, धापा टाकणं नाही, झडपेच्या कडेला गुडघा आपटणं नाही. सोळा किलोंचा डबा उचलून पट्ट्याचं टोक बंदुकीत भरणंही नाही, कारण गोळ्या संपतच नाहीत.

अकरा सेकंद

न संपणाऱ्या गोळ्या दिल्या, तर त्या गाडीपुढे कुणाचाच टिकाव लागणार नाही आणि खेळ बेचव होईल. मग गेम बनवणाऱ्यांनी बंदुकीच्या खऱ्या दुखण्यांपैकी एक निवडलं : उष्णता. बंदूक चालू ठेवली की पडद्यावर एक पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की बंदूक रुसते. काही सेकंद थांबायचं, पट्टी उतरू द्यायची, मग पुन्हा सुरू.

खरी उष्णता अशी समजूतदार नसते. ही बंदूक मिनिटाला साधारण साडेचारशे ते सहाशे गोळ्यांच्या वेगाने चालते. अंगठे न उचलता दाबून ठेवले, तर शंभर गोळ्यांचा डबा अकरा सेकंदांच्या आसपास रिकामा होतो. म्हणून लष्करी शिकवणीत संयमाचा आकडा दिलेला आहे. दीर्घकाळ मारा करायचा, तर सहा ते नऊ गोळ्यांचा झटका, मग दहा-पंधरा सेकंदांची उसंत. मिनिटाला चाळीसच्या आसपास गोळ्या. त्या हिशेबाने तोच डबा अडीच मिनिटं पुरतो. बंदूकधाऱ्याचं अर्धं कसब अंगठे दाबण्यात, तर उरलेलं अर्धं ते उचलण्यात आहे.

जुन्या नमुन्यात आणखी एक कटकट होती. नळी बदलली की मागच्या यंत्रणेतलं अंतर पुन्हा मोजपट्टीने जुळवून घ्यावं लागे. त्यात चूक झाली तर बंदूक अडून बसे किंवा चालवणाऱ्यालाच इजा करे. ‘एम-टू-ए-वन’ या नव्या आवृत्तीत हे जुळवणं कायमचं पक्कं करून टाकलं आहे. ही मोजपट्टी कुठल्याही लोकप्रिय गेममध्ये मला दिसलेली नाही आणि त्याचं नवल वाटत नाही. करमणुकीसाठी पैसे मोजणाऱ्याला फुरसतीच्या वेळात कारखान्यातलं काम कोण देईल?

आवाजाच्या बाबतीत मात्र गेमवाल्यांनी कमाल केली. ‘बॅटलफील्ड’ बनवणाऱ्या स्वीडनच्या ‘डाइस’ कंपनीने २००८ च्या ‘बॅड कंपनी’मध्ये ध्वनीची एक नवी पद्धत आणली. जवळ मोठा आवाज झाला, की बारीक आवाज आपोआप दबून जातात. जड मशीनगन धडधडू लागली, की पावलं, हाका, दूरची गाडी सगळं बुडून जातं. इथे गेम खऱ्याच्या फार जवळ गेला. बंदुकीमागच्या माणसाला खरोखरच दुसरं काही ऐकू येत नाही.

उघडी छाती

कारकंद नावाच्या काल्पनिक शहरात आमची हमवी धुरळा उडवत घुसायची. टपावरचा भिडू आनंदाने ओरडत असायचा. दुसऱ्या वळणावर दूरच्या गच्चीवरून एक गोळी यायची आणि टपावरचा आवाज बंद. गाडीला ओरखडाही नाही. चार-सहा वेळा असं झालं, की हुशार पोरं गनवर बसायला नकार द्यायची. सगळ्यांत जास्त ताकद ज्याच्या हातात, तोच सगळ्यांत जास्त उघडा. हा धडा आम्हाला कुणी शिकवला नाही, आम्ही मरून मरून शिकलो. दर वेळी काही सेकंदांत पुन्हा जिवंत होत होतो, एवढाच फरक.

त्याआधी, २००१ मध्ये, ‘हेलो’ने हाच पेच वेगळ्या तऱ्हेने मांडला होता. त्याची कथा २५५२ सालातली, शत्रू परग्रहावरचे. पण ‘वॉर्टहॉग’ नावाच्या गाडीवरच्या तीन नळ्यांच्या बंदुकीचा व्यास तोच, १२.७ मिलिमीटर. गोळ्या अमर्याद. मात्र जो चालवतो त्याला ती बंदूक झाडता येत नाही आणि जो झाडतो त्याला गाडी वळवता येत नाही. दणके खात उसळणाऱ्या त्या गाडीत नेम लागायचा, तर चालवणाऱ्याला झाडणाऱ्याच्या डोळ्यांनी रस्ता बघावा लागतो. गाडीवरची बंदूक हे दोघांचं हत्यार आहे, हे या गेमने ठसवलं.

उलट २००८ च्या ‘फार क्राय टू’मध्ये खेळणारा एकटा. आफ्रिकेतला एक निनावी देश, मोडकळीला आलेल्या गाड्या, त्यांवर ठोकून बसवलेल्या बंदुका. गाडी बंद पडली की बॉनेट उघडून हातात पाना घ्यायचा आणि गोळ्यांच्या वर्षावात बोल्ट पिळायचे. अशा गाड्या काल्पनिक नाहीत. १९८७ मध्ये चाडच्या सैनिकांनी टोयोटा पिकअपवर शस्त्रं चढवून लिबियाच्या रणगाड्यांना पळवून लावलं आणि त्या संघर्षाच्या अखेरच्या पर्वाला ‘टोयोटा वॉर’ असंच नाव पडलं.

उघड्या गाडीवरच्या हत्याराची आपल्या इतिहासातली सर्वांत ठळक गोष्ट १९६५ ची आहे. पंजाबात खेमकरणजवळ, असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांच्या जीपवर मशीनगन नव्हती, १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. पण या जातीच्या तोफेच्या नळीवर १२.७ मिलिमीटरचीच एक छोटी रायफल बसवलेली असते. तिच्या पेटत्या गोळीने आधी नेम जोखायचा, मग तोफ डागायची. डागताच मागे जो भपका निघतो, त्याने ठिकाण शत्रूला कळतं. पातळ पत्र्याच्या जीपला आडोसा एकच : झाडायचं आणि तिथून निसटायचं. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अशा रीतीने टिपत असताना १० सप्टेंबरला हमीद धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

खेळातून शिकवणी

मूठभर लोकांना गेममधली ही दोघांची गोष्ट गांभीर्याने घ्यावीशी वाटली. इराकमध्ये अमेरिकी ताफ्यांवर दबा धरून हल्ले होऊ लागले, तेव्हा लष्करी संशोधनाचं काम पाहणाऱ्या ‘डार्पा’ने ‘डारवॉर्स अँबुश’ नावाचा प्रशिक्षण-खेळ करवून घेतला. त्याचा पाया होता झेक कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा २००१ चा ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’, म्हणजे दुकानात मिळणारा गेम. सैनिक संगणकांसमोर ओळीने बसत आणि आभासी ताफा नेत. माउसने नेम धरून खरी बंदूक येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिकायचं होतं ते बोलणं : पुढच्या गाडीने मागच्याला काय सांगायचं, टपावरच्याने खालच्याला कधी हाक मारायची. आमच्या कॅफेतल्या आरडाओरड्याचा अभ्यासक्रम झाला म्हणायचा.

गाडीच्या मालकीवरूनही वाद झाला. हमवी बनवणाऱ्या एएम जनरल कंपनीने ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या प्रकाशकांवर, ॲक्टिव्हिजनवर, २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. आमची गाडी विनापरवाना वापरली, असं त्यांचं म्हणणं. मार्च २०२० मध्ये निकाल गेमवाल्यांच्या बाजूने लागला. युद्धाचं चित्र खऱ्यासारखं काढायचं तर सैन्य जी गाडी वापरतं तीच दाखवावी लागणार, असा त्याचा मथितार्थ. वास्तवाचा आभास हा कलेचा हेतू असू शकतो, हे तिथे मान्य झालं.

झडप

तोवर वास्तवच आभासाच्या दिशेने सरकलं होतं. इराकमध्ये टपावरचे गनर फार उघडे पडत. सैनिक भंगारातले पत्रे गाड्यांना जोडू लागले होते. २००४ च्या डिसेंबरात कुवेतमध्ये एका सैनिकाने खुद्द संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना त्याबद्दल सर्वांसमक्ष जाब विचारला. पुढे बंदुकीभोवती पोलादी भिंती आल्या आणि शेवटी माणूसच टपावरून खाली आला. नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीची ‘क्रोज’ ही दूरनियंत्रित यंत्रणा अमेरिकी सैन्याने मोठ्या संख्येने घेतली. बंदूक टपावर, गनर गाडीच्या आत. समोर पडदा, पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र आणि नेमाची खूण, हातात जॉयस्टिक. पडद्यामागे आणखी पडदा नाही, एवढं सोडलं तर सायबर कॅफेच.

फुलपाखरासारखी ती पट्टी आणि ते दोन अंगठे या व्यवस्थेतून बाद झाले. आपल्याकडे मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांच्या अंगठ्यांनी मात्र काचेवर ते काम चालू ठेवलं आहे.

पण ‘क्रोज’चा डबाही संपतो. काही शे गोळ्या गेल्या की पडद्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही, जॉयस्टिक कितीही दाबली तरी बाहेर फक्त लोखंडाची टक् ऐकू येते. आतून पट्टा भरण्याची सोय नाही. मग कुणीतरी डोक्यावरची झडप उघडायची, सोळा किलोंचा डबा वर ढकलायचा, कमरेपर्यंत उघड्यावर यायचं आणि पट्ट्याचं टोक हाताने बंदुकीत बसवायचं. पडद्यासमोर बसलेले सगळे त्या क्षणी एकमेकांकडे बघतात. त्या गाडीत ‘एफ-टू’ची कळ नसते.