दोलनशील पट्टिका स्तंभ

दोलनशील पट्टिका स्तंभ हे एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांचा निकट संपर्क घडवून आणणारे रासायनिक अभियांत्रिकीतील उपकरण आहे. एका द्रवात विरघळलेला पदार्थ दुसऱ्या द्रवात काढून घेण्यासाठी, म्हणजे द्रव-द्रव निष्कर्षणासाठी, ते प्रामुख्याने वापरले जाते. अँड्र्यू कार यांनी १९५९ मध्ये मांडलेला प्रकार ‘कार स्तंभ’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या पट्टिकांचे सुमारे ५८ टक्के क्षेत्रफळ छिद्रांनी व्यापलेले असते.

प्रवाह

उभ्या नळकांड्यातील मधल्या दांड्यावर छिद्रे असलेल्या चकत्या, म्हणजेच पट्टिका, बसवलेल्या असतात व मोटर हा दांडा सतत वर-खाली हलवते. जड द्रव वरून खाली, तर हलका द्रव खालून वर जातो. पट्टिका सरकताच द्रव छिद्रांतून झोतांच्या रूपाने उलट बाजूस फेकला जातो आणि झोतांच्या कडेला भोवरे तयार होतात. दिशा बदलली की हे झोत मावळतात व दुसऱ्या बाजूस नवे उठतात. थेंब फुटतात ते या भोवऱ्यांमुळे. फिरत्या पंख्याने ढवळताना ऊर्जा पंख्याजवळ एकवटते; येथे ती स्तंभाच्या संपूर्ण छेदावर पसरते, हा या रचनेचा खरा लाभ आहे.

ऊर्जेचा वापर

पट्टिकेच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे हा दाबफरक गुणिले प्रवाह, म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाण्यासारख्या द्रवात ५८ टक्के मोकळ्या पट्टिका ५० मिमी अंतरावर असून त्या एकूण २५ मिमी अंतर सेकंदाला २ वेळा वर-खाली करीत असल्यास, छिद्रांचा प्रवाहगुणांक ०.६ धरून, दर घनमीटरला सरासरी सुमारे ९० वॅट लागतात. कंप्रता दुप्पट केल्यास हाच आकडा ७२० वॅटवर जातो. मोकळे क्षेत्रफळ २५ टक्क्यांवर आणल्यास मूळ शक्तीच्या साडेसात पटींहून अधिक शक्ती लागते. हालचाल फारच लहान असेल, तर झोत पूर्ण तयार होण्याआधीच दिशा बदलते आणि हे गणित विश्वासार्ह राहत नाही.

शक्ती वाढवत नेल्याने निष्कर्षण मात्र सतत सुधारत नाही. थेंब बारीक झाल्याने संपर्कक्षेत्र वाढते, पण द्रव स्तंभात मागे-पुढे मिसळून संहतीतील फरक बोथट होतो. शेवटी अतिबारीक थेंब विरुद्ध दिशेच्या प्रवाहाबरोबर वाहून जातात व स्तंभ तुंबतो.

एका दोलनात शक्तीची मागणी दोनदा शिखर गाठते आणि हे शिखर सरासरीच्या सुमारे २.४ पट असते. मोटरची निवड त्यानुसार करावी लागते. तिच्या वीजवापरात पट्टिकांना गती देण्याचा व घर्षणाचा वाटाही असतो. म्हणून द्रवाला मिळालेली ऊर्जा काढताना रिकाम्या स्तंभातील वापर वजा करतात.