देवळालीचा ‘ताप’

लॅम रोडने देवळाली कॅम्पहून नाशिकरोडला येणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. वाक्प्रचारांचा धडा आला की वहीत दोन रकाने पडतात, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ, आणि घोकंपट्टी सुरू. वाक्प्रचाराला कारण विचारायचं नसतं, हा समज तिथूनच पक्का होतो. म्हणून मी सुरुवात ‘गो डुलॅली’ने करते. अर्थ डोकं फिरणं, भ्रमिष्टासारखं वागणं. फळ्यावर शेजारी ‘देवळाली’ लिहिलं की वर्ग आधी गप्प होतो, मग एकच गलका!

हो, हा शब्द आपल्या कॅम्पातूनच गेला. पण इथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून नव्हे. 1861 साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटायच्या. शेवटची चुकली की उन्हाळा-पावसाळा इथेच. कवायत नाही, काम नाही, खिशात साठवलेला पगार आणि समोर नुसते दिवस. फ्रँक रिचर्ड्‌स हा शिपाई 1900 नंतरची काही वर्षं हिंदुस्थानात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या 1936च्या पुस्तकात त्याने हे रिकामपण आणि त्यातून बिघडणारी माणसं वर्णिली आहेत. दोष इथल्या हवेचाही नाही. हवापालटासाठी लोक देवळालीला यायचे, तिथली सॅनिटोरियम त्याचीच साक्ष आहेत.

मूळ प्रयोग ‘डुलॅली टॅप’ असा होता. मुलं टॅप म्हणजे नळ धरतात, कुणी टपली. तो आहे आपला ताप! ‘डोक्याला ताप’ म्हणताना आपणही अंगातल्या तापाबद्दल बोलत नसतो, हे लक्षात आलं की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुढे ताप गळाला, गाव तेवढं उरलं.

मात्र हा प्रयोग ब्रिटनमधल्या घरगुती बोलण्यातला आहे. अमेरिकेत तो फारसा कळणार नाही आणि अर्जात किंवा निबंधात तर लिहूच नये. खऱ्या मानसिक आजाराबद्दलही तो वापरू नये, माणूस दुखावतो.

आता आमच्या वहीत तिसरा रकाना असतो, ‘कुठून आलं?’ ‘टेक अ डेको’ म्हणजे नजर टाकणं. त्यातला डेको म्हणजे हिंदीतला ‘देखो’. शिपायांच्या तोंडचा ‘ब्लायटी’, म्हणजे मायदेश, हा ‘विलायती’वरून. धो धो पावसाला इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात. जुन्या काळी ती गवताच्या छपरावरून घसरायची, अशी एक गोष्ट मुलं कुठून कुठून ऐकून येतात. तिला पुरावा नाही, आणि खरं मूळ अभ्यासकांनाही ठामपणे सांगता आलेलं नाही. तेवढा रकाना आम्ही कोरा ठेवतो.