जुना फोन विकतांना क्रमांक द्यावा कीं झाकावा?

श्रोतेहो, जुनी वस्तु विकणें हा आपल्या घरांतला कांहीं नवा व्यवहार नव्हे. सायकल, शिवणाचें यंत्र, मोटार हीं पूर्वीपासून एका हातांतून दुसऱ्या हातांत जात आलीं आहेत. परंतु मोबाइल फोन ही वस्तु त्या सर्वांहून निराळी. मालकाचें नांव, त्याचा पत्रव्यवहार, त्याची बँक हें सारें पोटांत घेऊन ती वावरते. म्हणूनच फोन विकावयास काढल्यावर गिऱ्हाइकानें ‘आधीं आयएमईआय क्रमांक सांगा’ असें म्हटलें, कीं विकणारा दचकतो. क्रमांक द्यावा, तर आपलें कांहीं चोरीस जाईल ही भीति. न द्यावा, तर माल चोरीचा असावा असा गिऱ्हाइकाचा संशय. दोघांचीही शंका अगदींच निराधार नाहीं. तेव्हां हा क्रमांक कोणास, केव्हां व कसा द्यावा, याचा विचार आज करूं.

मोटारीच्या इंजिनावर व सांगाड्यावर जसा क्रमांक ठोकलेला असतो, तसाच हा फोनचा क्रमांक. तो १५ आंकडी असतो. पहिले ८ आंकडे फोनची जात सांगतात. कोणत्या कारखानदाराचा कोणता नमुना, हें त्यांवरून कळतें. पुढचे ६ आंकडे त्या जातींतील नेमक्या एका फोनचे. शेवटचा आंकडा ताळ्याचा. आधींच्या १४ आंकड्यांवर ठराविक गणित करून तो काढतात, आणि उतरून घेतांना चूक झाल्यास तो ती उघडकीस आणतो. दोन सिमकार्डांच्या फोनास असे दोन क्रमांक असतात. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश हीं बटणें क्रमानें दाबलीं कीं ते पडद्यावर उमटतात.

आतां भीति कितपत खरी तें पाहूं. नुसत्या या क्रमांकावरून कोणास आपलें बोलणें चोरून ऐकतां येत नाहीं, आपले संदेश वाचतां येत नाहींत, कीं बँकेंतून पैसे काढतां येत नाहींत. एवढ्यापुरतें श्रोत्यांनीं निश्चिंत असावें. धोका आहे तो निराळ्या जातीचा. चोरीच्या फोनचा मूळ क्रमांक पुसून त्यावर दुसऱ्याचा निर्दोष क्रमांक चढविणारे कारागीर असतात. २०२० सालीं मेरठच्या पोलिसांना असें आढळून आलें कीं १३ हजारांहून अधिक फोन एकाच क्रमांकावर चालत आहेत! प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवतांना दूरध्वनी-कंपन्या सिमबरोबर यंत्राचा क्रमांकही नोंदवितात. म्हणून एखाद्या गुन्ह्याचा तपास सुरू झाला, तर ज्याचा क्रमांक असा परस्पर उसना घेतला गेला त्याच्याही दारापर्यंत तो येऊं शकतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें अशा फेरफारास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तथापि कायदा कितीही कडक असला, तरी आपला क्रमांक चव्हाट्यावर मांडूं नये, हेंच शहाणपणाचें.

गिऱ्हाइकाची बाजूही तितकीच न्याय्य आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें फोनांची एक मध्यवर्ती नोंदवही ठेविली आहे, व मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या सेवेच्या द्वारें ती साऱ्या देशांतील नागरिकांना खुली झाली. हरवलेल्या वा चोरीस गेलेल्या फोनचा क्रमांक तींत बंद करविला, कीं भारतांतील कोणत्याही कंपनीच्या सिमवर तो फोन चालत नाहीं. न तपासतां फोन घेणाऱ्याचे पैसे बुडतात, आणि चोरीचा माल जवळ बाळगल्याचा ठपकाही माथीं येतो. केवायएम हीं तीन इंग्रजी अक्षरें, मग एक जागा सोडून फोनचे १५ आंकडे, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर धाडल्यास फोनची माहिती कळते. ही तपासणी करूं देणें हें प्रामाणिक विक्रेत्याचें कर्तव्यच होय.

मग मार्ग कोणता? क्रमांक द्यावा, पण जाहिरातींत नव्हे, खरेदीस खरोखर आलेल्या माणसास द्यावा. जाहिरातींत फोनचें चित्र देतांना कित्येक लोक शेवटचा एक आंकडा झाकून स्वस्थ बसतात. हें झाकणें व्यर्थ आहे. तो ताळ्याचा आंकडा उरलेल्या चौदांवरून कोणीही काढील. दोन आंकडे झाकले तरी शक्यता उरतात अवघ्या दहा. शेवटचे सातही झाकले, तर मात्र शक्यता दहा लाखांवर जातात. आणि उघड्या राहिलेल्या आठांवरून गिऱ्हाइकास नमुना तर पुरता कळतो. खोक्यावरील उभ्या काळ्या रेघांची पट्टीही झाकावी, कारण तींत तोच क्रमांक यंत्रानें वाचतां येईल असा लिहिलेला असतो.

सौदा ठरत आला म्हणजे समक्ष भेटीच्या वेळीं पूर्ण क्रमांक दाखवावा, व तपासणीचा संदेश गिऱ्हाइकानें आपल्याच फोनवरून आपल्यादेखत पाठवावा. त्या निमित्तानें आपल्या फोनवर आलेला ओटीपी कोणी मागूं लागला, तर सौदा तेथेंच मोडावा. खरेदीच्या पावतीचें किंवा ओळखपत्राचें चित्र अनोळखी माणसास आधीं धाडूं नये. फोन हरवल्याची नोंद करावयास क्रमांकाबरोबर हेच कागद लागतात. ते सारे एका लबाडाच्या हातीं पडणें बरें नव्हे.

फोन देण्यापूर्वीं सिम व साठवणीचें कार्ड काढून घ्यावें, त्यांतील आपलीं खातीं बंद करावीं आणि सर्व मजकूर पुसावा. मात्र लक्षांत ठेवावें कीं मजकूर पुसला तरी हा क्रमांक पुसला जात नाहीं. नव्या मालकाच्या हातींही आपल्या जुन्या नोंदींचा धागा त्याला चिकटलेलाच राहतो. यास्तव शेवटचें व सर्वांत महत्त्वाचें काम म्हणजे विक्रीची चिठ्ठी. तींत दोघांचीं नांवें व पत्ते, फोनचा नमुना, दोन्ही क्रमांक, किंमत, तारीख आणि वेळ लिहून दोघांनीं सह्या कराव्या व एकेक प्रत ठेवावी. वेळ लिहिणें क्षुल्लक वाटेल, पण पुढें प्रश्न निघालाच, तर अमुक घटकेपासून फोन आपला नव्हता हें सांगणारा तोच एक साक्षीदार. इकडे घेणाऱ्यासही त्याच चिठ्ठीचा आधार. कारण फोन विकून मागाहून ‘तो हरवला’ अशी खोटी तक्रार करणारे विक्रेतेही जगांत आहेत.

जो क्रमांक हजारों अनोळखी डोळ्यांपुढें मांडणें धोक्याचें, तोच एका ओळखीच्या सहीखालीं लिहिला म्हणजे दोघांचें रक्षण करतो. आपल्या घरांतून फोन बाहेर पडेल त्या दिवशीं ही चिठ्ठी कपाटांत जपून ठेवावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.