जुनी पिकअप गाडी : बिघाड, दुरुस्ती आणि खर्चाचा मेळ

मुंबईतील काळाचौकी हा भाग शेतकऱ्याला वाटतो तितका परका नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीकडे आला आणि काळाचौकीलगत कापसाच्या गाठींची मोठी गोदामे उभी राहिली. शेजारच्या रेल्वे स्थानकाचे कॉटन ग्रीन हे नाव त्याच व्यापाराची खूण होय. एका बाजूस गिरण्या, दुसऱ्या बाजूस बंदर आणि पलीकडे दारूखान्यातील लोखंडाचा बाजार, अशा या पट्ट्यात मालवाहतूक वाढली व तिच्यामागोमाग गाड्यांची दुरुस्तीही आली. गिरणगावातील कित्येक कुटुंबांची मुळे कोकणात व घाटावर आहेत. त्यामुळे मुंबईतील भावाने गावाकडील भावासाठी जुनी पिकअप गाडी पाहून ठेवावी, यात नवल नाही.

अशी गाडी नव्या गाडीच्या मानाने स्वस्त मिळते. परंतु स्वस्त गाडी आणि स्वस्तात चालणारी गाडी या दोन भिन्न गोष्टी आहेत. भरलेल्या टोमॅटोसह घाटात बंद पडलेली गाडी केवळ दुरुस्तीचा खर्च करवीत नाही. त्या दिवसाचा बाजारही बुडविते. म्हणून गाडीचे नेहमीचे बिघाड कोणते, ते कशाने होतात आणि त्यांना कितपत खर्च येतो, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामसेवकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

खर्चाचे तीन वर्ग

दुरुस्तीचे दर गावोगाव व गाडीगणिक निराळे असतात. तरीही ढोबळ मानाने खर्चाचे तीन वर्ग पाडता येतात : शेकड्यांत भागणारा, काही हजारांत जाणारा आणि दहा हजारांच्या वर चढणारा. जुन्या गाडीच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी मुख्य गोष्ट ही की, तिसऱ्या वर्गातील पुष्कळसे बिघाड आरंभी पहिल्या वर्गात असतात. वेळीच लक्ष न दिल्याने ते वर चढतात.

इंजिन व पाण्याची व्यवस्था

रेडिएटरचा रबरी पाइप, त्याची पट्टी, पंख्याचा पट्टा आणि थर्मोस्टॅट हे सुटे भाग बहुधा शेकड्यांत मिळतात. पाइप चिरून पाणी गळू लागले आणि चालकाने तशीच गाडी रेटली, तर इंजिन तापते, हेड वाकते व गॅस्केट जळते. मग हेड उतरवून लेथवर त्याचे तोंड सरळ करून घ्यावे लागते आणि खर्च हजारांत जातो. इंजिन तापून पिस्टन चिकटले तर पूर्ण इंजिनाचे काम निघते. त्याची रक्कम लहान शेतकऱ्याच्या एखाद्या हंगामाची शिल्लक गिळण्यास पुरेशी असते. यास्तव उष्णतेचा काटा चढताच गाडी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून अंग भाजते.

धुराचा रंगही पुष्कळ काही सांगतो. काळा धूर असल्यास हवेची गाळणी तुंबली आहे किंवा नोझल बिघडले आहे, असे समजावे. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजून किंवा व्हॉल्व्हच्या सिलातून ऑइल जळत आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर गॅस्केटचा संशय घ्यावा.

जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. कॉमन रेल पद्धतीच्या गाडीची शक्ती व धूर यांत सुधारणा आहे. परंतु तिचे इंजेक्टर महाग असून त्यांच्या तपासणीस विशेष यंत्र लागते. चारही इंजेक्टर एकदम बदलण्याची पाळी आली तर खर्च तिसऱ्या वर्गात जातो. पाणी मिसळलेले किंवा गाळ असलेले डिझेल हे त्यांचे मुख्य शत्रू होत. पिंपातून डिझेल भरण्याची सवय सोडावी व डिझेलची गाळणी वेळेवर बदलावी.

क्लच व मागील धुरा

क्लचवर सतत पाय ठेवून गाडी चालविणे आणि चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचने गाडी धरून ठेवणे, यामुळे क्लच प्लेट जळते. ही दुरुस्ती हजारांत जाते, कारण तीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एकदा तो उतरविला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही पाहून घ्यावीत. थोडे पैसे वाचविण्यासाठी जुने बेअरिंग तसेच ठेवल्यास काही महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वंगणाअभावी खडखडू लागतो. तो वेळीच बदलावा. तो तुटल्यास शाफ्ट रस्त्यावर आदळून मोठा अपघात होऊ शकतो. मागील धुऱ्यातून घोंघावणारा आवाज येऊ लागल्यास ऑइलची पातळी तत्काळ पाहावी. क्राऊन व पिनियन यांची जोडी झिजली, तर दहा हजारांच्या वरचा खर्च ठरलेलाच समजावा.

पाटे, भार व ब्रेक

गाडीच्या क्षमतेचा आकडा तिच्या कागदपत्रांवर असतो. समजा, तो 1,250 किलो आहे. कांद्याच्या 50 किलोच्या 25 गोण्या भरल्या की ती क्षमता संपली. 40 गोण्या भरल्या तर 750 किलो भार अधिक झाला. पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून एक जादा पाटा घालण्यात येतो. त्याने गाडी वाकत नाही, म्हणून ती सोसते असा समज होतो. परंतु पाटा वाढल्याने चासी, बेअरिंग, टायर व ब्रेक यांचे बळ वाढत नाही. पाट्याने सांगितली असती ती तक्रार पुढे चासीच्या चिरेने सांगितली जाते.

पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला तर धुरा सरकतो आणि टायर एका बाजूने खाल्ले जाते. यू बोल्ट ठरावीक काळाने आवळून घेणे हे काम नाममात्र खर्चाचे आहे.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. असे तेल लांब उतारावर तापून त्यात वाफ धरते आणि पेडल रिकामे जाते. म्हणून साधारण 2 वर्षांनी ते बदलावे. कसारा अथवा माळशेज घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे हा जिवाशी खेळ होय. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्यक बळही लवकरच संपते. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे.

सुटे भाग व मजुरी

काळाचौकी, कॉटन ग्रीन, रे रोड या पट्ट्याची सोय अशी की, एका कारागिराचे काम अडल्यास दुसरा फारसा दूर नसतो. गावाकडे याच कामांसाठी तालुक्याच्या दोन फेऱ्या होतात. भाजीपाल्याचा घाऊक बाजार 1996 साली वाशीस गेला असला, तरी मुंबईत माल घेऊन येणाऱ्या गाड्या थांबलेल्या नाहीत. अशा गाडीचे मोठे काम निकडीचे नसेल, तर हंगाम ओसरल्यावर एखादा दिवस राखून शहरात करून घेणे सोयीचे पडते.

काम सोपविण्यापूर्वी अंदाज कागदावर घ्यावा, मजुरी व सुटे भाग यांचे आकडे वेगळे मांडून घ्यावेत आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. दरवाजा, डाला, रेडिएटरची चौकट असे भाग जुन्या बाजारातून घेण्यास हरकत नाही. परंतु ब्रेकचे व स्टिअरिंगचे भाग जुने घेऊ नयेत.

गाडी घेण्यापूर्वी

गाडी थंड असताना पाहावी. विकणारा ती आधीच गरम करून ठेवीत असेल तर थंडपणी सुरू होण्याची अडचण लपते. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढावे. तेथून जोराने धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. खाली शिरून चासीवर जोडकामाच्या खुणा पाहाव्यात. मग भार घालून एखादा चढ चढवावा.

सातबाऱ्यावरील बोजा पाहिल्याविना जमीन घेत नाहीत, तसेच नोंदणीपत्रावरील कर्जाचा बोजा पाहिल्याविना गाडी घेऊ नये. विमा, कर व थकलेला दंड पाहावा आणि नमुना 29 व 30 भरून मालकी आपल्या नावे करावी. 8 वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. तो खर्च व पर्यावरण कर हिशेबात धरावा.

दुरुस्तीची गंगाजळी

समजा, महिन्यास 20 खेपा होतात. प्रत्येक खेपेमागे 150 रुपये बाजूला काढले तर महिन्यास 3,000 आणि वर्षास 36,000 रुपये साठतात. क्लच किंवा टायर यांसाठी मग सावकाराकडे जावे लागत नाही. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर व रक्कम वहीत मांडावी. वर्षाअखेर दुरुस्तीचा खर्च आणि गाडी बंद राहिल्याने बुडालेले बाजार यांची बेरीज जर भाड्याच्या गाडीवर झालेल्या खर्चाहून अधिक भरत असेल, तर गाडी मोडीत काढण्याची वेळ आली आहे, असे निःशंकपणे समजावे.

ग्रामसेवकांनी गावातील गाडीमालकांना हंगामापूर्वी एकत्र बोलावून पाणी, ऑइल, पट्टा, ब्रेक व टायर या 5 गोष्टींची तपासणी करण्याचा प्रघात पाडावा. एका सकाळीत हे काम होते. त्या सकाळी शेकड्यांत सापडलेला दोष पुढे घाटात हजारांनी मोजावा लागत नाही, आणि शेतकऱ्याचा माल वेळेवर बाजारात पोचतो.