पदरी पडलं, पवित्र झालं?

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे लगीनसराईचे वेध लागतात, आणि फर्निचरच्या दुकानांवर पाट्या झळकू लागतात. ‘शून्य टक्के व्याज’, ‘आज घेऊन जा, पैसे हप्त्याने द्या’. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावातही याचं आता नवल राहिलेलं नाही. सोयाबीनचा पैसा मंडपात आणि सोन्यात संपतो, मग लेकीचं कपाट, पलंग, ड्रेसिंग टेबल हप्त्यावर घेतलं जातं. त्यात गैर काहीच नाही. सगळी रक्कम एकदम मोजणं किती घरांना जमतं? अडचण सुरू होते ती टेम्पोतून सामान उतरल्यावर.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या लेकीचं असंच झालं. दुकानात दाखवला सागवानी पलंग, घरी आला तो भुसा दाबून केलेल्या फळीचा. पहिल्याच पावसाळ्यात फळी फुगली, कपाटाचं दार बिजागरीतून निखळलं. दुकानदार म्हणाला, ‘‘माल तुम्ही बघून घेतलाय, आता कंपनीला विचारा.’’ फायनान्सवाला म्हणाला, ‘‘पलंगाचं आम्हाला काय सांगता? हप्ता पाच तारखेला कटणार.’’ आणि घरातली जाणती माणसं म्हणाली, ‘‘जाऊ दे बाई, पदरी पडलं पवित्र झालं. सोयऱ्यांत बोभाटा नको.’’

मैत्रिणींनो, ही म्हण दुकानाच्या बिलाला लागू होत नाही!

पहिली शंका सगळ्याजणी हीच काढतात, ‘अजून सगळे पैसे कुठं फेडलेत? मग आपण कुठल्या तोंडाने भांडायचं?’ ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली आला. त्याच्या जागी २०१९चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. या कायद्यात ग्राहक कोण, हे स्पष्ट लिहिलं आहे. पूर्ण पैसे देणारा तर ग्राहक आहेच. पण थोडे दिलेले, थोडे द्यायचे कबूल केलेले, किंवा हप्त्याने फेडायचे ठरलेले असले तरी तोही ग्राहकच. आणि पुढची गोष्ट तर खास आपल्यासाठी आहे. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीसुद्धा ग्राहक ठरते. म्हणजे बिल वडिलांच्या नावावर असलं तरी त्या पलंगावर निजणारी लेक तक्रार करू शकते. ‘मालकांना पाठवा, मग बघू’ असं सांगून तिला कुणी परत पाठवू शकत नाही.

दुसरी गोष्ट बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीची. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यायला हवेत. बिलच न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणून ‘कच्च्या पावतीवर घ्या, जीएसटी वाचेल’ या बोलण्याला भुलू नका. बिलावर नुसतं ‘पलंग १ नग’ नको. लाकूड कुठलं, प्लायवूड की दाबलेली फळी, लोखंडी कपाट असेल तर पत्र्याची जाडी किती, वॉरंटी किती, हे सगळं लिहून घ्या. तोंडी सागवान बिलात उतरलं नाही, तर पुढे ते सिद्ध करायला जड जातं.

आता हप्त्याचं. राग आला की पहिला विचार येतो, ‘हप्ताच भरत नाही, बघू काय करतात ते.’ हे मात्र करू नका. फर्निचरचा व्यवहार दुकानदाराशी आणि कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी, असे हे दोन वेगळे कागद आहेत. हप्ता चुकला तर दंड लागतो, सिबिलमध्ये नोंद होते आणि उद्या घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो की तीच नोंद आडवी येते. हप्ता चालू ठेवा आणि त्याच वेळी दुकानदार, उत्पादक कंपनी आणि फायनान्स कंपनी या तिघांनाही लेखी तक्रार द्या. पुढे आयोगात गेलात तर निकाल लागेपर्यंत हप्त्याबाबत अंतरिम आदेश मागता येतो. तो द्यायचा की नाही, हे आयोग ठरवतो.

‘शून्य टक्के’ या शब्दांचीही थोडी झडती घ्या. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना सप्टेंबर २०१३ मध्येच बजावलं आहे. व्याज कुठेतरी दडलेलं असतं, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी न मिळालेल्या सवलतीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणं बंधनकारक झालं आहे. ते मराठीत मागा. कर्जाबद्दल तक्रार असेल आणि कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८. आणि वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही, हेही ध्यानात ठेवा.

मग नेमकं करायचं काय? सामान उतरताना टेम्पोवाला सहीची घाई करतो. आधी दारं, कप्पे, कुलपं उघडून बघा. दोष दिसला तर चलनावर तो लिहूनच सही करा. मोबाइलवर फोटो काढा. दुकानदाराला फोन करून थांबू नका, स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार सांगता येते. कितीतरी भांडणं तिथेच मिटतात.

नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात, पण ही पायरी तशी उंच नाही. वकील लावण्याची सक्ती नाही, आपली बाजू आपणच मांडायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची. आणि नव्या कायद्यातली सगळ्यात मोठी सोय म्हणजे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान नांदेडचं असो की ऑनलाइन कंपनी बंगळुरूची, अहमदपूरच्या बाईने चाकूर ओलांडून लातूरला जायचं, बस्स. तेही नको असेल तर ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. वस्तू दुरुस्त करून देणं, बदलून देणं, पैसे परत करणं आणि झालेल्या त्रासाची भरपाई, हे सगळं आयोग देऊ शकतो. तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा वाढतात हे खरं, पण कागद नीट असले की बाजू भक्कम राहते.

बचत गटाच्या बायका विचारतात, ‘ताई, पार्लरची खुर्ची कर्जावर घेतली, ती मोडकी निघाली. तो तर धंदा झाला, मग?’ स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी खरेदीत धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा फरक समजावून सांगितला. दुसऱ्यांचं टायपिंग करून पोट भरणारा टंकलेखक यंत्राचा ग्राहकच असतो, असं उदाहरणही दिलं. मात्र मोठ्या व्यवसायासाठी यंत्र घेणाऱ्याला ते संरक्षण नाही. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, पार्लरची खुर्ची घेणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हा मोठाच आधार आहे.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. आज कायदा आहे, आयोग आहे, फोन नंबर आहे. कमी पडतो तो एक कागद, आपल्या हाताने लिहिलेला. आपण बायका वाण्याच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतो, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. मग वर्ष-दोन वर्षं हप्ते भरायच्या वस्तूबद्दलच गप्प का बसायचं? लेकीला कपाट द्याल तेव्हा त्याचं बिल, वॉरंटी कार्ड आणि कर्जाचे कागद एका फाइलमध्ये घालून त्याच कपाटात ठेवून द्या. किल्लीबरोबर तिला तेवढंही सांगा.