पाठीला अडकवलेली तार

लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात 2005 ते 2016 अशी अकरा वर्षं ‘बिली एलियट’ ही संगीतिका चालली. 1984-85 च्या कोळसा खाणकामगारांच्या संपात होरपळणारं इंग्लंडच्या ईशान्येकडचं एक गाव, आणि त्या गावातला बॅले शिकायचा ध्यास घेतलेला पोरगा, अशी तिची गोष्ट. त्यात बिली स्वतःच्याच मोठेपणीच्या रूपाबरोबर ‘स्वान लेक’च्या सुरांवर नाचतो. नाचता नाचता तो मोठा नर्तक मुलाच्या पाठीला तार अडकवतो आणि मुलगा रंगमंचावरून अलगद वर उचलला जातो. 2008 ते 2010 या काळात बिली होऊन त्या तारेवर उडणाऱ्या मुलांत टॉम हॉलंड होता. पुढे स्पायडरमॅन झाला तो हाच.

त्याचं नाव घेतलं की लोकांना लाल-निळा पोशाख आठवतो. मला मात्र त्या पोशाखाआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण नट घडतो कसा ते तिथे उघड दिसतं.

टॉमचा जन्म 1 जून 1996 चा, लंडनच्या नैऋत्येला किंग्स्टनमधला. वडील डॉमिनिक हॉलंड विनोदी कार्यक्रम करणारे कलाकार, आई छायाचित्रकार. तो विम्बल्डनच्या एका नृत्यवर्गात जायचा. 2006 मध्ये रिचमंडच्या नृत्य महोत्सवात तो वर्गातल्या मुलांबरोबर नाचला आणि लिन पेज यांच्या नजरेत भरला. ‘बिली एलियट’चे नृत्यदिग्दर्शक पीटर डार्लिंग यांच्या त्या सहकारी. मग एकामागून एक आठ चाचण्या झाल्या, आणि नंतर दोन वर्षं नुसती तालीम. बॅले, टॅप, ॲक्रोबॅटिक्स, गाणं, शिवाय ईशान्य इंग्लंडची बोली. लंडनच्या मुलाला ती परकीच. शाळेत बॅलेवरून पोरं छळायची, हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

इतकी तालीम कशासाठी? बिली जवळजवळ पूर्ण नाटकभर रंगमंचावर असतो. गातो, नाचतो, रडतो, भांडतो. लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, म्हणजे वेस्ट एंडच्या, शिरस्त्याप्रमाणे आठवड्याला आठ प्रयोग, आणि एका मुलाला ते झेपणं शक्य नाही. कायदाही तसं करू देत नाही. इंग्लंडमध्ये मुलाला व्यावसायिक रंगमंचावर काम करायचं तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. कामाचे तास ठरलेले, विश्रांती ठरलेली, आणि मंजुरी मिळालेली काळजीवाहू व्यक्ती सोबत हवीच. म्हणून एकाच वेळी तीन-चार बिली तयार ठेवायचे आणि पाळीपाळीने उभे करायचे. एकीकडे पुढची मुलं तयार होत असतात, कारण उंची वाढली किंवा आवाज फुटला की बिलीची कारकीर्द संपली.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार आवडते. ‘इलेक्ट्रिसिटी’ या गाण्यावरचं बिलीचं एकट्याचं नृत्य प्रत्येक मुलासाठी थोडं वेगळं बसवलं जायचं. कुणाची उडी चांगली, कुणाची गिरकी, कुणी जिम्नॅस्टिक्समधून आलेला. ज्याच्या अंगात जे आहे ते हेरून त्याच्यासाठी पावलं बांधायची. साच्यात मूल कोंबण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

28 जून 2008 रोजी टॉम पहिल्यांदा वेस्ट एंडच्या रंगमंचावर आला, तो बिलीचा मित्र मायकेल म्हणून. 8 सप्टेंबरला तो बिली झाला. मे 2010 मध्ये त्याने शेवटचा प्रयोग केला, आणि त्याच वर्षी तो स्पेनमध्ये कॅमेऱ्यासमोर उभा होता.

चित्रपट होता ‘द इम्पॉसिबल’, 2004 च्या त्सुनामीत सापडलेल्या एका स्पॅनिश कुटुंबाच्या खऱ्या अनुभवावर बेतलेला. दिग्दर्शक हुआन अंतोनियो बायोना यांनी पुराची दृश्यं मोठ्या टाकीत, खऱ्या पाण्यात चित्रित केली. तिथे नर्तकाचा दमसास कामी आला असणारच, पण मला जास्त भावतो तो एक छोटा क्षण. लाट ओसरल्यावर आई पुढे चालते आहे, तिचा मुलगा लुकास, म्हणजे टॉम, मागून. तिच्या फाटलेल्या पायाकडे त्याचं लक्ष जातं आणि तो घाबरून नजर फिरवतो. रंगमंचावर हीच भीती शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला अख्खं शरीर वापरावं लागलं असतं. इथे डोळ्यांवर भागतं. दोन वर्षं मोठ्या प्रेक्षागृहाला पुरून उरलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला कमी करायचं कसं हे इतक्या लवकर उमगावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मधल्या काळात छोटी-मोठी कामं झाली. एकदा काम मिळेनासं झालं तेव्हा आईने त्याला कार्डिफला सुतारकाम शिकायला धाडलं होतं. जून 2015 मध्ये स्पायडरमॅनसाठी त्याचं नाव जाहीर झालं. ऑडिशनच्या फेऱ्यांत त्याने कोलांटउड्याही मारून दाखवल्या होत्या.

आता मुखवट्याचा विचार करा. चेहरा पूर्ण झाकलेला, म्हणजे पडद्यावरच्या नटाचं मुख्य हत्यारच काढून घेतलेलं. मग पोरगा बावरलाय की खूश आहे हे कळणार कशावरून? खांद्यांवरून, मानेच्या कलण्यावरून, जमिनीवर उतरताना गुडघे कसे वाकतात त्यावरून. बरीच दृश्यं संगणकावर घडतात, स्टंटवाले असतात, हे खरंच. पण जिथे तो स्वतः त्या पोशाखात उभा असतो तिथे बॅलेचं शिक्षण लपत नाही. आणि तारेवर लटकताना शरीर सैल कसं सोडायचं, हे तर तो बारा-तेरा वर्षांचा असतानाच शिकला होता.

2024 च्या उन्हाळ्यात तो वेस्ट एंडला परतला. ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात जेमी लॉइड यांनी बसवलेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तो रोमिओ, आणि फ्रान्सेस्का अमेवुडा-रिव्हर्स ज्युलिएट. लॉइड यांनी नेपथ्य जवळजवळ काढूनच टाकलं. माइक असल्यामुळे नट कुजबुजले तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं, आणि कॅमेऱ्यातून त्यांचे चेहरे मोठ्या पडद्यावर दिसायचे. म्हणजे टाकीतल्या त्या मुलाने कमावलेली नजर आणि बिलीने कमावलेलं शरीर, दोन्ही एकाच संध्याकाळी लागायची. रोमिओला हद्दपार करतात तेव्हा तर कॅमेरा त्याच्याबरोबर थेट थिएटरच्या गच्चीवर जायचा. प्रेक्षक आत खुर्चीत, तो वर लंडनच्या आभाळाखाली.

या वेळी पाळ्या नव्हत्या. आजारपणासाठी बदली नट असतो तेवढाच. बाकी प्रयोगामागून प्रयोग, ऑगस्टपर्यंत, रोमिओ तोच.