गिरणगावाचे रूपांतर : मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी, चाळींचा पुनर्विकास आणि बदलती वस्ती

सारांश

मुंबईच्या मध्य भागातील गिरणगाव हा एकेकाळी कापड उद्योगाचा व श्रमिक संस्कृतीचा प्रदेश होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर व्यापारी संकुले, कार्यालये व उंच निवासी मनोरे उभे राहिले. प्रस्तुत लेखात या परिवर्तनामागील आर्थिक, कायदेशीर व सामाजिक प्रक्रियांचे स्पष्टीकरण केले असून पुनर्विकासाच्या लाभात मूळ रहिवाशांचा वाटा कसा ठरतो, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : गिरणगाव, चटईक्षेत्र निर्देशांक, विकास नियंत्रण नियमावली, उपकरप्राप्त इमारती, पुनर्विकास.

प्रस्तावना

नागरीकरणाच्या प्रक्रियेत शहरे केवळ बाहेरच्या दिशेने पसरत नाहीत. ती आतूनही बदलत असतात. जुन्या वस्त्यांचे आर्थिक कार्य संपुष्टात आले की तेथील जमिनीला नवे मोल येते व त्या जमिनीवर कोणी राहावे, याचा नव्याने निर्णय होऊ लागतो. भारतातील अशा अंतर्गत परिवर्तनाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे गिरणगाव होय. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी, नायगाव, भायखळा या परिसरात सुमारे 600 एकर जमीन कापड गिरण्यांच्या ताब्यात होती. आज त्याच परिसरात देशातील अत्यंत महागड्या सदनिका व त्यांच्या शेजारीच शंभर वर्षांच्या चाळी एकत्र नांदताना दिसतात. हे सहअस्तित्व कसे निर्माण झाले व ते कोठवर टिकेल, हे समजून घेणे नगररचना, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व विधी या सर्व विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : 1) गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासास कारणीभूत ठरलेल्या घटकांचा शोध घेणे, 2) विकास नियंत्रण नियमावलीतील तरतुदी व त्यांतील बदलांचा परिणाम स्पष्ट करणे, 3) चाळींच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती व तिच्या मर्यादा मांडणे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

संकल्पना

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये लंडनमधील श्रमिक वस्त्यांत मध्यमवर्गाचा शिरकाव व त्यामुळे होणारे मूळ रहिवाशांचे विस्थापन या प्रक्रियेस ‘जेन्ट्रिफिकेशन’ ही संज्ञा दिली. मराठीत तिच्यासाठी ‘अभिजनीकरण’ असा शब्द वापरता येईल. पुढे 1979 मध्ये भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी या प्रक्रियेचे आर्थिक कारण मांडले. एखाद्या जमिनीपासून सध्याच्या वापरात मिळणारे उत्पन्न आणि सर्वोत्तम पर्यायी वापरात मिळू शकणारे उत्पन्न यांत जी तफावत असते, ती पुरेशी वाढली की भांडवल त्या वस्तीकडे वळते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. गिरणगावात ही तफावत दोन कारणांनी विलक्षण वाढली. गिरण्या तोट्यात गेल्याने त्यांच्या जमिनीचे उत्पन्न जवळजवळ शून्यावर आले. दुसरीकडे, नरिमन पॉइंट व फोर्ट परिसरात जागा अपुरी पडू लागल्याने शहराच्या मध्यावर असलेल्या व दोन्ही उपनगरी रेल्वेमार्गांना लागून असलेल्या या जमिनीला प्रचंड मागणी आली.

मात्र लंडनचे प्रारूप मुंबईला जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे जुनी घरे दुरुस्त करून नवे रहिवासी आले. येथे जुनी वास्तू पाडून तिच्या जागी कितीतरी पट उंच इमारत उभी राहिली. त्यामुळे मुंबईत जमिनीचे मोल ठरविणारा निर्णायक घटक म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे हा निर्देशांक सांगतो. 1991 च्या नियमावलीत मुंबई शहर विभागासाठी तो सामान्यतः 1.33 होता. त्यापेक्षा अधिक बांधकामाची परवानगी देणे म्हणजे शासनाने नवी जमीन निर्माण करण्यासारखेच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील काही दशकांत कोकण, पश्चिम महाराष्ट्र तसेच उत्तर भारतातून आलेल्या मजुरांनी गिरण्यांभोवती वस्ती केली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे अनेक कामगार, खाणावळ चालविणाऱ्या स्त्रिया, गावकीच्या खोल्या, व्यायामशाळा, भजनी मंडळे व गणेशोत्सव यांतून या परिसराचे एक स्वतंत्र लोकजीवन घडले. येथे घर व कामाचे ठिकाण यांतील अंतर भोंगा ऐकू येईल एवढेच असे. या निकटतेमुळेच अल्प वेतनावरही कुटुंब चालविणे शक्य होत असे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. 1983 मध्ये केंद्र शासनाने मुंबईतील 13 गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. तथापि जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा व गुंतवणुकीचा अभाव या समस्या संपापूर्वीच्याच होत्या. त्या सुटल्या नाहीत. गिरणी चालविण्यापेक्षा तिची जमीन विकणे अधिक किफायतशीर ठरू लागले.

नियम क्रमांक 58 आणि एका शब्दाचे मोल

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीच्या विकासास सशर्त परवानगी दिली. स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागा व सार्वजनिक सुविधांसाठी महानगरपालिकेस, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडास आणि उर्वरित मालकास, असे हे सूत्र होते. विक्रीतून येणारा पैसा गिरणीचे आधुनिकीकरण व कामगारांची देणी यांसाठी वापरला जावा, अशी अपेक्षा होती. अनेक मालकांना यात एवढा मोठा वाटा सोडणे मान्य नव्हते. त्यामुळे पहिल्या दशकात या सूत्रानुसार फारच थोडी जमीन शहरास मिळाली. 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या जमिनींचा सुटासुटा विचार न करता एकत्रित नियोजन करण्याची दिशा सुचविली. परंतु ती प्रत्यक्षात उतरली नाही. फिनिक्स मिलच्या आवारात उभे राहिलेले व्यापारी संकुल हे याच काळातील तुकड्यातुकड्यांच्या विकासाचे ठळक उदाहरण ठरले.

2001 मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ ‘मोकळ्या’ जमिनीची व्हावी, असा तिचा आशय होता. गिरण्यांच्या आवारात बहुतांश भाग शेड, गोदामे व खात्यांच्या इमारतींनी व्यापलेला असे. या इमारती पाडल्यानंतर रिकामी होणारी जमीन वाटणीत धरली जाणार नव्हती. एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. समजा, एका गिरणीची जमीन 9 हेक्टर असून तीपैकी दीड हेक्टर मोकळी आहे. मूळ सूत्रानुसार महानगरपालिका व म्हाडा यांना ढोबळमानाने प्रत्येकी 3 हेक्टर जमीन मिळाली असती. दुरुस्तीनंतर तोच वाटा प्रत्येकी अर्ध्या हेक्टरवर येतो. एका शब्दाच्या अर्थामुळे शहराच्या मैदानांचा व श्रमिकांच्या घरांचा हिस्सा एक षष्ठांशावर येतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या दुरुस्तीस बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले. दरम्यान 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी निविदेद्वारे विकल्या. त्यांत मुंबई टेक्स्टाईल मिलच्या जमिनीस 702 कोटी रुपये किंमत आली. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला व 2001 ची दुरुस्ती वैध ठरविली. त्यानंतर बांधकामाचा वेग झपाट्याने वाढला. मोठी सार्वजनिक जागा मिळाल्याची उदाहरणे अपवादात्मक राहिली. दादर येथील इंदू मिलची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी मिळाली, ती दीर्घ लोकआंदोलनानंतर.

गिरणी कामगारांची घरे

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवरील घरांत गिरणी कामगारांना हिस्सा मिळावा, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरली. जून 2012 मध्ये 6,925 घरांची सोडत निघाली; 2016 व 2020 मध्ये आणखी सोडती झाल्या. तथापि घरांसाठी अर्ज करणाऱ्या कामगारांची व वारसांची संख्या सुमारे पावणेदोन लाख आहे. ही तफावत मुंबईत उपलब्ध जमिनीतून भरून निघणे शक्य नसल्याने 2024 मध्ये शासनाने शेलू व वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे केला. मुंबईतच घर मिळावे, असा आग्रह धरणाऱ्या संघटनांनी त्यास विरोध केला आहे. संपाच्या वेळी तरुण असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. अनेकांच्या बाबतीत हा हक्क वारसांकडे गेला आहे. म्हणूनच या प्रश्नात विलंब हाच एक प्रकारचा नकार ठरतो.

चाळींचा पुनर्विकास

गिरण्यांची जमीन एका मालकाची असते; चाळीत मात्र मालक, भाडेकरू, पागडी देऊन आलेले रहिवासी व विकासक असे अनेक हितसंबंध गुंतलेले असतात. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण दुरुस्तीत मालकास स्वारस्य उरले नाही. 1969 च्या कायद्यान्वये अशा इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीची व्यवस्था करण्यात आली. तेव्हा 19,642 इमारती उपकरप्राप्त ठरल्या. नंतर नियम 33(7) अन्वये अशा इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र देण्यात आले. भाडेकरूस विनामूल्य मालकीचे घर मिळावे व अतिरिक्त सदनिका विकून विकासकाने खर्च व नफा काढावा, अशी ही योजना आहे. भाडेकरूच्या घराचे किमान क्षेत्रफळ प्रारंभी 225 व पुढे 300 चौरस फूट ठरले. 2009 मध्ये नियम 33(9) द्वारे समूह पुनर्विकासासाठी 4 इतका निर्देशांक देण्यात आला, तर 2018 मध्ये लागू झालेल्या नव्या नियमावलीने 33(7) खालील प्रकल्पांसाठी आवश्यक संमती 70 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर आणली.

या योजनेत गृहनिर्माण पूर्णतः बाजारभावावर अवलंबून राहते. भाव चढे असतील तेव्हा विकासक पुढे येतात. मंदी आली की पाडलेल्या इमारतीचे रहिवासी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात अडकून पडतात. ज्या चाळीत भाडेकरू अधिक व जमीन कमी, तिच्याकडे कोणी फिरकत नाही, मग ती कितीही मोडकळीस आलेली असो. शिवाय मालकीचे घर मिळाल्यानंतर उद्वाहन, पाणी उपसा व सुरक्षारक्षक यांचा दरमहा मेंटेनन्स निवृत्त कामगाराच्या उत्पन्नास पेलत नाही. घर विकून कल्याण, विरारकडे जाणारे कुटुंब कायद्याच्या दृष्टीने स्वेच्छेने स्थलांतरित असते. समाजशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते विस्थापितच ठरते.

बी.डी.डी. चाळींचे उदाहरण याहून वेगळे आहे. 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील या 207 इमारतींत सुमारे 160 चौरस फुटांच्या खोल्या होत्या. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील पुनर्विकास म्हाडा स्वतः करीत असून रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे दिली जात आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील पहिल्या 556 घरांचे वाटप झाले. जमीन सार्वजनिक असेल तर रहिवाशांचा वाटा वाढविता येतो, हे यातून दिसते.

पायाभूत सुविधांवरील ताण

गिरणीच्या आवारांचा विकास झाला, पण आवाराबाहेरचे रस्ते व स्थानके गिरण्यांच्या काळातीलच राहिली. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिल आवारातील आगीत 14 जण दगावले. या दोन्ही घटनांची तात्कालिक कारणे भिन्न असली, तरी दोन्ही ठिकाणी वापर बदलला व त्या प्रमाणात सुरक्षितता मात्र वाढली नाही, हे समान सूत्र आहे. एकत्रित नियोजनाचा अभाव हा केवळ सौंदर्याचा किंवा सोयीचा प्रश्न नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

1) गिरणगावाचे रूपांतर केवळ बाजारपेठेच्या रेट्याने झालेले नाही. चटईक्षेत्र, जमिनीची वाटणी व संमतीची अट यांविषयीच्या शासकीय नियमांनी त्याची दिशा ठरविली.

2) 2001 च्या दुरुस्तीमुळे सार्वजनिक वाट्याची मोठी हानी झाली. गमावलेल्या मोकळ्या जागा आता पुन्हा मिळविणे जवळजवळ अशक्य आहे.

3) घराची मालकी देणे म्हणजे पुनर्वसन पूर्ण होणे नव्हे. देखभालीच्या खर्चासाठी पुरेसा कायम निधी प्रकल्पातच अंतर्भूत असणे आवश्यक आहे.

4) सार्वजनिक जमिनीवर सार्वजनिक संस्थेमार्फत होणाऱ्या पुनर्विकासात रहिवाशांना अधिक लाभ देता येतो. गोदीच्या व रेल्वेच्या जमिनींचा विचार करताना हा अनुभव मार्गदर्शक ठरावा.

जुन्या चाळी जशाच्या तशा टिकाव्यात, अशी मागणी तेथे राहणारे क्वचितच करतील. सामाईक शौचालय व गळके छप्पर यांत रम्य असे काही नाही. पुनर्विकास अटळ व आवश्यकही आहे. प्रश्न आहे तो त्यातून निर्माण होणाऱ्या मूल्याच्या वाटणीचा. ज्यांच्या श्रमातून ही जमीन मोलाची झाली, त्यांना त्याच जमिनीवर राहणे परवडेल काय, या एका निकषावर येथील नगररचनेचे यशापयश मोजले जाणे उचित होय.